तोंडाने फुंकून चालणारं वाफेचं इंजिन

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांनी भाग ऐकला त्यांना सुरुवातीचा आवाज आठवत असेल, टक-टक-टक-टक. काहींनी विचारलं की मागे शिलाई मशीन चालू होतं का. नाही. ते माझ्या टेबलावरचं पितळेचं इंजिन होतं. उंचीने साधारण पाण्याच्या तांब्याएवढं. त्या आवाजापर्यंत पोचायला मला सात महिने लागले आणि त्यातले तीन आठवडे नुसत्या अर्ध्या मिलिमीटरने खाल्ले. आज मुख्यतः त्या अर्ध्या मिलिमीटरबद्दलच बोलायचंय.

थोडी पार्श्वभूमी. मी सॉफ्टवेअरवाला आहे. बीटेक केलं, पुण्यातच नोकरीला लागलो. गेल्या वर्षी आमच्या टीमने दोन वर्षं खपून बनवलेलं प्रॉडक्ट कंपनीने एका मीटिंगमध्ये बंद केलं. सोमवारी होतं, शुक्रवारी सर्व्हरसुद्धा बंद. नोकरी टिकली, पण दोन वर्षांचं काम हातात धरून दाखवता येईल असं काही उरलं नाही. त्या महिन्यात मी एक छोटा लेथ विकत घेतला. चाळीसेक किलोचं धूड, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. त्या पैशात एक चांगला लॅपटॉप आला असता, हे घरच्यांनी मला बऱ्याचदा सांगितलंय.

माझा मामा भोसरीत चौतीस वर्षं टर्नर होता. लेथ आल्याचं कळल्यावर तो बघायला आला, चहा घेतला, मशीनभोवती एक फेरी मारली आणि पहिलंच वाक्य बोलला, "चकची चावी कुठे ठेवतोस?" चावी चकमध्येच होती. त्याने ती काढून माझ्या हातात दिली. "हात सुटला की चावी बाहेर. चावी लावून हात सोडायचाच नाही. मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी येते. आणि फुल बाह्यांचा शर्ट नको, हातमोजे तर अजिबात नकोत." म्हटलं, हातमोजे तर सुरक्षेसाठी असतात ना? "फिरत्या मशीनवर नाही. मोजा अडकला की बोटं त्याच्याबरोबर जातात." एवढं बोलून तो गेला. लेथवर बसण्याआधी तुम्ही एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

आता इंजिन. नवशिक्यांनी पहिलं इंजिन म्हणून 'ऑसिलेटिंग' प्रकारचं करावं, असं बहुतेक सगळेच सांगतात. यात सिलिंडर स्वतःच डुलतो. रेल्वेच्या इंजिनात वाफ कधी आत सोडायची आणि कधी बाहेर काढायची हे ठरवायला वेगळा व्हॉल्व्ह असतो, त्याला हलवणारे दांडे असतात. इथे त्यातलं काही नाही. या रचनेचं श्रेय वॉटचा सहकारी विल्यम मर्डॉकला देतात, म्हणजे अठराव्या शतकाचा शेवट. आणि हे फक्त खेळण्यातलं समजू नका. १८५८ मध्ये पाण्यात उतरलेलं 'ग्रेट ईस्टर्न' हे तेव्हाचं सर्वांत मोठं जहाज, त्याची दोन्ही बाजूंची चाकं डुलणाऱ्या सिलिंडरचीच इंजिनं फिरवत होती.

ऐकताना हे डोळ्यांसमोर आणणं अवघड जातं, म्हणून हळूहळू सांगतो. एक उभी पितळी पाटी समजा. पाटीच्या वरच्या भागात एक खिळा, त्यावर सिलिंडर टांगलेला. सिलिंडरचं वरचं तोंड बंद, खालचं उघडं. खालून पिस्टनचा दांडा बाहेर येतो आणि खाली असलेल्या क्रँकच्या चकतीला लागतो. चकती फिरली की दांडा वर-खाली होतो, पण त्याचबरोबर डावी-उजवीकडेही जातो. दांडा उजवीकडे गेला की सिलिंडरचं डोकं डावीकडे झुकतं. सी-सॉसारखं.

आता सिलिंडरच्या डोक्यापाशी, पाटीला टेकलेल्या बाजूला, एक भोक पाडा. ते आतपर्यंत जातं. आणि पाटीवर दोन भोकं पाडा, एक डावीकडे, एक उजवीकडे. डाव्या भोकातून हवा किंवा वाफ येणार, उजवं बाहेर उघडणार. डोकं डावीकडे झुकलं की सिलिंडरचं भोक डाव्या भोकासमोर येतं, वाफ आत शिरते, पिस्टन खाली ढकलला जातो. अर्धा फेरा झाला की डोकं उजवीकडे जातं आणि वापरलेली वाफ बाहेर पडते. तेवढ्या वेळात पिस्टनला परत वर न्यायचं काम जड चाक, म्हणजे फ्लायव्हील करतं. बस्स. डुलणं हाच व्हॉल्व्ह. नळी डावीकडून काढून उजवीकडे लावली की इंजिन उलटं फिरतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पाच मिनिटं नुसता बसून होतो. एवढी कमी 'लाइन्स'मध्ये एवढं काम!

मापं सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट मापांचीच आहे. सिलिंडरचं आतलं भोक १२ मिलिमीटर. क्रँकची खुंटी चकतीच्या मध्यापासून १० मिलिमीटरवर, म्हणजे पिस्टन एकूण २० मिलिमीटर चालतो. टांगणीच्या खिळ्यापासून क्रँकच्या मध्यापर्यंत ५० मिलिमीटर. दहा भागिले पन्नास, म्हणजे ०.२. ही डुलण्याच्या कोनाची साइन झाली, साडेअकरा अंशांच्या आसपास. सिलिंडरचं भोक खिळ्याच्या वर १६ मिलिमीटरवर. सोळा गुणिले ०.२ म्हणजे ३.२. तर भोक मध्यापासून डावीकडे ३.२ आणि उजवीकडे ३.२ मिलिमीटर सरकतं. पाटीवरची दोन भोकं तिथेच हवीत. हा ३.२ आकडा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

साहित्य रविवार पेठेतून आणलं. पितळ किलोवर मिळतं, त्यामुळे चूक केली की ती वजनातच कळते. मायक्रोमीटर जुन्या बाजारातून घेतला, मामाने तपासून दिला. पहिला सिलिंडर मी २० मिलिमीटरच्या चौकोनी पितळी पट्टीतून केला. मध्ये १२चं भोक, म्हणजे प्रत्येक बाजूला ४ मिलिमीटरची भिंत. टांगणीचा खिळा याच भिंतीत आटे पाडून बसवायचा होता. मी ठरवलं, तीन मिलिमीटर खोल जायचं आणि थांबायचं.

पितळेची एक खोड आहे, ती मला माहीत नव्हती. लोखंडासाठी धार केलेला ड्रिल पितळेत स्वतःच स्वतःला ओढून घेतो. स्क्रूसारखा. तुम्ही दाबत नसता, तो आत जात असतो. तीन मिलिमीटरवर थांबायचा माझा विचार झाला तोवर ड्रिल भिंतीच्या पार सिलिंडरमध्ये उतरला होता. मी फोटो काढून मामाला पाठवला. उत्तर आलं, "अरे वा, बासरी केलीस."

रविवारी तो आला आणि त्याने ड्रिलची धार ऑइल स्टोनवर दोनदा घासून मुद्दाम बोथट केली. धारेची पुढची कड जराशी सपाट, इतकंच. त्यानंतर तोच ड्रिल त्याच पितळेत शहाण्या मुलासारखा चालला. हे मी सात-आठ व्हिडिओंत बघितलं नव्हतं. असेलही कुठे, पण मला ते हवं आहे हेच माहीत नव्हतं तर शोधणार काय? दुसरा सिलिंडर मी २५ मिलिमीटरच्या पट्टीतून केला, साडेसहाची भिंत. बासरी अजून टेबलावर आहे, तिच्यात पेन ठेवतो.

आता सिलिंडरचं भोक. ते गोल हवं, सरळ हवं आणि वरपासून खालपर्यंत एकाच मापाचं हवं. ऐकायला सोपं वाटतं. पण वाफेच्या इंजिनाचा इतिहास बराचसा याच भोकाचा इतिहास आहे. न्यूकोमेनचं इंजिन १७१२चं. त्याच्या सिलिंडरमध्ये फटी असायच्या, त्या पिस्टनवर चामडं लावून आणि वर पाणी ओतून झाकायचे. जेम्स वॉटने १७६९ मध्ये सुधारित इंजिनाचं पेटंट घेतलं, त्याची कल्पना बरोबर होती, आणि तरीही इंजिन नीट चालायला बरीच वर्षं गेली. कारण त्याला हवा तसा मोठा सिलिंडर कुणाला कापताच येत नव्हता. शेवटी जॉन विल्किन्सन या लोखंडवाल्याने कापून दिला. तोफांच्या नळ्या कोरायचं यंत्र तो आधीपासून करत होता. सिलिंडरसाठी त्याने कापणारा दांडा आरपार घातला आणि दोन्ही टोकांना आधार दिला, म्हणजे दांडा वाकत नाही. डिझाइन वॉटचं, पण ते जगात आलं ते विल्किन्सनच्या भोकातून. आपल्याकडे वॉट आणि किटली शिकवतात. विल्किन्सन शिकवत नाहीत, आणि मला हे खटकतं.

माझ्या भोकाला दोन्हीकडून आधाराची गरज नव्हती. चौकोनी पट्टी चार जबड्यांच्या चकमध्ये धरायची. प्रत्येक जबडा वेगळा हलतो, त्यामुळे मध्य साधायला मला पहिल्या वेळी पाऊण तास लागला. मामाला चार मिनिटं. मग आधी छोटा ड्रिल, मग वाढवत ११.८, आणि शेवटी १२चा रीमर हळूहळू, तेल घालून. पिस्टन लेथवर फिरवून काढला, भोकापेक्षा एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने एक-दोन भाग लहान. तपासायची मामाची पद्धत अशी. पिस्टनला तेल लावा, सिलिंडरमध्ये घाला, सिलिंडरचं भोक बोटाने बंद करा आणि दांडा ओढून सोडा. पिस्टन थोडा मागे खेचला गेला पाहिजे. माझा तिसरा पिस्टन तसा गेला.

सिलिंडरची बाजू आणि पाटी एकमेकांना घट्ट टेकायला हव्यात, नाहीतर वाफ मधूनच सटकते. मिलिंग मशीन माझ्याकडे नाही. यावर उपाय स्वस्त आहे. जाड काचेचा तुकडा, त्यावर पॉलिश पेपर, थोडं तेल. पितळेवर मार्करने रेघोट्या मारायच्या आणि आठच्या आकड्यासारखं घासायचं. जिथली शाई पुसली तो उंचवटा. सगळीकडची शाई एकदम जाईपर्यंत घासत राहायचं. चारशेचा पेपर, मग आठशे, मग बाराशे. मी एका संध्याकाळी दोन पॉडकास्ट संपवले यात. आमचे नव्हते!

तर सगळं जोडलं. सिलिंडर पाटीवर स्प्रिंगने दाबला, खाली फ्लायव्हील लावलं. मामा म्हणाला, "आधी तोंडाने फुंकून चालव. मग बाकीचं बोल."

का तोंडाने? हिशोब करा. १२ मिलिमीटरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण १.१३ चौरस सेंटिमीटर. चांगला एक बार दाब दिला तर त्यावर किलोभराहून थोडा जास्त जोर येतो, मग घासत-कुरकुरत का होईना, इंजिन फिरतं आणि आपल्याला वाटतं जमलं. तोंडाने आरामात फुंकलं की दाब एका बारच्या वीसाव्या हिश्श्याएवढा धरा. म्हणजे पिस्टनवर साठ ग्रॅमसुद्धा नाही. एवढ्या जोरावर फिरायचं तर कुठेही वाकडेपणा, घर्षण किंवा गळती चालत नाही. मामाची ही परीक्षा म्हणजे आमच्याकडच्या टेस्टिंगपेक्षा कडक आहे.

मी फुंकलं. काही नाही. चाक हाताने फिरवून दिलं, मग फुंकलं. दोन फेरे, थांबलं. स्प्रिंग घट्ट केली तर सिलिंडर पाटीवर घासू लागला. सैल केली तर हवा फुस्स. तीन आठवडे मी स्प्रिंगशी खेळत होतो. पिस्टन परत काढला, पाटी परत घासली, दांडा वाकडा आहे का बघितलं. प्रत्येक वेळी एक गोष्ट सुधारायची आणि इंजिन तसंच.

शेवटी मी तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, आणि जे नोकरीत रोज करतो. अंदाज बंद, आधी बग कुठे आहे ते शोध. बाहेर जाणाऱ्या भोकाला एक नळी लावली आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. आत येणाऱ्या नळीतून हळू फुंकत राहिलो आणि चाक एकेक अंश फिरवलं. पिस्टन अगदी वर असताना सिलिंडर सरळ उभा असतो, त्याचं भोक दोन भोकांच्या बरोबर मध्ये. तिथे सगळं बंद हवं. ग्लासात बुडबुडे येत होते. भरपूर. पिस्टन अगदी खाली असतानाही तेच.

म्हणजे हवा सिलिंडरमध्ये काम न करताच आतल्या भोकातून बाहेरच्या भोकात पळत होती. आता तो आकडा आठवा, ३.२. आराखड्यात सगळी भोकं ३ मिलिमीटरची होती. दीड अधिक दीड तीन, मध्यांमधलं अंतर ३.२, म्हणजे ०.२ मिलिमीटरची भिंत शिल्लक. मी काय केलं होतं? भोक मोठं तर हवा जास्त, म्हणून सगळी ३.५ची पाडली होती. पावणेदोन अधिक पावणेदोन साडेतीन. भिंत नाहीच, उलट ०.३ मिलिमीटरची फट. आराखडा काढणाऱ्याने तीन का लिहिलंय हे मी विचारलंच नाही. आणि कुणाच्या कोडमध्ये असा आकडा दिसला तर मी लगेच विचारतो, बरं का.

इथे कंट्रोल झेड नाही. सिलिंडर परत करायचा म्हणजे आणखी दीड महिना, माझ्या वेगाने. मामाला फोन केला, तो म्हणाला, "सिलिंडरला हात लावू नकोस. पाटीची भोकं बुजव." मग कागदावर बसून आकडे मांडले. सिलिंडरचं भोक ३.५ राहू दे, त्याचं अर्धं १.७५. पाटीची भोकं २.५ केली तर त्यांचं अर्धं १.२५. बेरीज ३. आली की ०.२ची भिंत परत! पाटीची दोन्ही भोकं ५ मिलिमीटरची केली, त्यांत पितळी खुंट्या घालून कथलाचा डाख दिला, काचेवर परत सपाट केलं आणि नव्याने २.५ची भोकं पाडली. ड्रिल अर्थात बोथट केलेला.

बुडबुड्यांची परीक्षा परत घेतली. मध्यावर ग्लास शांत.

त्या शनिवारी मामा बाल्कनीतच बसला होता. मी नळी तोंडात धरली, चाकाला बोटाने ढकलून दिलं आणि फुंकलं. टक. टक. टक-टक-टक-टक. श्वास संपेपर्यंत फिरत राहिलं. मी श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात मामाने नळी माझ्या हातातून घेतली, पुसली आणि स्वतः फुंकायला लागला. सासष्टाव्या वर्षी गाल फुगवून. मामी म्हणाली, "तुम्ही दोघं काय पुंगी वाजवताय?"

भाग संपल्यावर आलेल्या प्रश्नांतला एकच इथे घेतो, कारण तो सगळ्यांनी विचारलाय. वाफेचं इंजिन म्हणतोस, वाफ कुठे आहे? खरंय, मी अजून हवेवरच चालवतो. वाफ फार लागते म्हणून नाही. पिस्टनची एक खेप म्हणजे सव्वादोन मिलिलिटर, मिनिटाला पाचशे फेरे धरले तरी कागदावर दीड ग्रॅमहून कमी पाणी. गळती आणि थंड पितळेवर होणारं पाणी धरून प्रत्यक्षात बरंच जास्त लागेल, तरी चहाच्या कपात मावेल.

अडचण बॉयलरची आहे. हवेची नळी सुटली तर फुस्स होऊन संपतं. बॉयलरमधलं पाणी मात्र शंभर अंशांच्या वर तापलेलं असतं, भांडं फाटलं की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं, आणि साध्या दाबाला पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. म्हणून कृपा करून घरच्या कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावू नका. हे मला दोघांनी सुचवलंय. कुकर साधारण एक बारवर, १२० अंशांच्या आसपास चालतो, आणि ती शिट्टी म्हणजे त्याचा दाब सोडायची मुख्य वाट आहे. ती काढून तिथे बारीक नळी लावायची, म्हणजे तीच वाट अडवायची.

नीट करायचं तर तांब्याचं भांडं, सांधे चांदीच्या डाखाचे, कथलाचे नाहीत कारण कथील लवकर वितळतं, वर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दाबमापक. आणि विस्तव लावायच्या आधी थंड पाणी गच्च भरून, कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देऊन परीक्षा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी धार लागते, स्फोट होत नाही. चांदीचा डाख मला अजून येत नाही. मामालाही येत नाही, तो म्हणतो ते टर्नरचं काम नव्हे. तांबट आळीत एकांशी बोलणं झालंय, ते शिकवायला तयार आहेत, पण गणपतीनंतर.

तोवर तुमच्याकडे कुणी बोथट ड्रिलसारखी एखादी खोड सांगणारं माणूस असेल, तर आवाज रेकॉर्ड करून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात मामा स्वतः येणार आहे. माईकपासून लांब बसायचं त्याला सांगितलंय, चौतीस वर्षं लेथच्या आवाजात बोलायची सवय आहे. भेटू!